तीन डॉलरची फी

चष्म्याच्या दुकानावर मोफत नेत्रतपासणीची पाटी दिसली की मला हटकून चार्ल्स फ्रेडरिक प्रेंटिस आठवतो. आपल्या घरात हे नाव कुणी घेत नाही. पण ऑप्टोमेट्री शिकणाऱ्या कुठल्याही देशातल्या मुलाला ते पाठ असते. डोळे तपासणाऱ्याने मोबदला कशाचा घ्यावा, तपासणीचा की चष्म्याचा, हा प्रश्न या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी ऐरणीवर आणला आणि त्यापायी उमेदीची कित्येक वर्षे भांडणात घालवली.

प्रेंटिसचा जन्म १८५४ सालचा, न्यूयॉर्कला लागून असलेल्या ब्रुकलिनमधला. वडील जेम्स प्रेंटिस चष्मे-भिंगांच्या धंद्यात होते. मुलाला त्यांनी जर्मनीत, कार्ल्सरूहेला, यंत्रशास्त्र शिकायला पाठवले. शिकून तो परतला तो वडिलांच्याच धंद्यात; पण इंजिनियरची नजर घेऊन. १८८६ साली त्याने चष्म्याच्या भिंगांवर शास्त्रशुद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे भिंगामुळे प्रकाशकिरण किती सरकतो हे मोजायचे मापही सुचवले.

त्याचा नियम समजायला सोपा आहे. भिंगाचा मध्य बुबुळासमोर आला नाही, तर दिसणारी वस्तू जागची सरकते. एक नंबरचे भिंग एक सेंटिमीटर सरकले, तर मीटरभर अंतरावरची वस्तू एक सेंटिमीटर सरकलेली दिसते. नंबर पाचचा असेल तर सरकणे पाचपट. म्हणून नाकावरून घसरणारी सैल फ्रेम मुलाला घातली आणि नंबर मोठा असला, की नंबर बरोबर असूनही डोळे दुखू शकतात. त्यात मुलाचा हट्ट नसतो, गणित असते.

खरी ठिणगी पडली १८९२ साली. एका माणसाचे डोळे प्रेंटिसने तपासले. हे काम चष्म्याने भागणारे नाही असे दिसल्यावर त्याने चिठ्ठी देऊन त्याला न्यूयॉर्कचे नामवंत नेत्रतज्ज्ञ डॉ. हेन्री नॉयीस यांच्याकडे पाठवले. तपासणीची तीन डॉलर फी घेतल्याचा उल्लेख त्या चिठ्ठीत होता. डॉक्टरांना तो खटकला. चष्मे विकणाऱ्याने चष्म्याचे पैसे घ्यावेत. तपासणीची फी घेणे म्हणजे डॉक्टरकी करणे, आणि ती परवान्याविना करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

डॉक्टरांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. काचबिंदूसारखा रोग गुपचूप वाढतो. नुसता नंबर बदलत राहणारा माणूस तो ओळखू शकला नाही, तर गेलेली दृष्टी परत येत नाही. पण प्रेंटिसचा मुद्दाही बिनतोड होता. तपासणी फुकट आणि कमाई सगळी चष्म्यावर, असे असेल तर चष्म्याची गरज नाही हे सांगणाऱ्याच्या पदरात काय पडणार? प्रामाणिकपणाला तोटा आणि विक्रीला नफा, हा हिशेब त्याला मान्य नव्हता.

त्याने सवलत मागितली नाही, परीक्षा मागितली. १८९६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या व्यावसायिकांची संघटना उभी राहिली. परीक्षा, नोंदणी आणि परवाना असावा, असा मसुदा त्याने पुढे केला. विरोध मोठा होता. तो प्रयत्न फसला. मान पहिला मिळाला मिनेसोटाला, १९०१ साली. न्यूयॉर्कला कायदा व्हायला १९०८ उजाडले. १९२४ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले. दोन वर्षांनी प्रेंटिसने या लढ्याच्या आठवणी पुस्तकरूपाने काढल्या आणि १९४६ साली तो वारला.

हे सारे मला जवळचे वाटते ते बँकेतल्या दिवसांमुळे. मी काही काळ बोईसरच्या शाखेत होतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे वस्ती वाढत होती आणि दुकानांसाठी कर्जाचे अर्ज यायचे. औषधाचे दुकान असेल तर फार्मासिस्टचे नोंदणीपत्र आम्ही आधी पाहायचो. चष्म्याच्या दुकानाला मात्र गुमास्ता लायसन्स पुरे होते. नंबर कोण काढणार, त्याचे शिक्षण काय, हे विचारायला अर्जात रकानाच नव्हता. त्या दुकानदारांत शिकलेले होते, मन लावून काम करणारे होते. पण कारखान्यात पाळी करून आलेल्या कामगाराने कुणावर विश्वास ठेवावा, हे ठरवायला त्याच्याकडे काहीच साधन नव्हते.

आपल्याकडे हा रकाना उघडला तो २०२१ साली. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी संसदेने राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि ऑप्टोमेट्रिस्ट त्यात आले. राज्य परिषदा, नोंदणी आणि व्यावसायिक आचारनियम यांची तरतूद त्यात आहे. प्रेंटिसने मागितले ते आपल्या दाराशी यायला शतकाहून अधिक काळ गेला.

मात्र आचारनियम एकदा लिहून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. प्रेंटिसपुढे मोबाइलला डोळे लावून बसलेली पोरे नव्हती, घरबसल्या मागवलेला चष्मा नव्हता. आज पालघरच्या दुकानात नंबर काढायला आलेल्या गृहस्थाला मधुमेह असेल, तर त्याचा पडदा तपासला गेला आहे का, हे विचारणे नंबराइतकेच महत्त्वाचे आहे. नंबर कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा, चष्मा त्याने कुठूनही घ्यावा. फी असेल तर ती उघड असावी. आपली हद्द संपली की डॉक्टरकडे पाठवावे. काळ बदलेल तशी या यादीची उजळणी व्हायला हवी, आणि ती करताना गिऱ्हाइकाचेही कुणी ऐकायला हवे.

फुकट तपासणारा प्रत्येकजण लबाड असतो, असे मी म्हणत नाही. पण पुढच्या खेपेला नंबर काढायला जाल, तेव्हा तपासणाऱ्याचे शिक्षण आणि नोंदणी जरूर विचारा. चांगल्या माणसाला त्याचा राग येणार नाही. आणि चष्मा न विकता त्याने डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी हातात ठेवली, तर तपासणीचे पैसे आनंदाने द्या. अशाच एका चिठ्ठीपायी प्रेंटिसला बोल ऐकावे लागले होते.