बर्था बेंझ

आज झाशीहून ग्वाल्हेरला मोटारीने जाणे ही नित्याची बाब आहे. हे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. वाटेत मोटार बंद पडलीच, तर जवळपास गॅरेज सापडते. परंतु १८८८ साली एवढेच अंतर मोटारीने पार करणे हे मोठे धाडस होते. पेट्रोलपंप नव्हते, गॅरेज नव्हते आणि मोटारीसाठी बांधलेले रस्तेही नव्हते. हे धाडस जर्मनीतील बर्था बेंझ यांनी केले.

बर्था यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी फोर्ट्‌सहाइम या गावी झाला. त्या काळी जर्मनीत मुलींना विद्यापीठांची दारे बंद होती. तरीही बर्थांना यंत्रांविषयी मनापासून जिज्ञासा होती. त्यांचा विवाह कार्ल बेंझ या तरुण अभियंत्याशी ठरला, तेव्हा कार्ल यांचा कारखाना भागीदारामुळे अडचणीत आला होता. बर्था यांनी विवाहात मिळणारी रक्कम आगाऊ मागून घेतली आणि कारखाना वाचवला. १८७२ साली त्यांचा विवाह झाला. पुढील अनेक वर्षे त्यांनी आर्थिक ओढाताण सोसत पतीच्या प्रयोगांना साथ दिली.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल यांनी तीन चाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. परंतु या घोड्याविना चालणाऱ्या गाडीवर लोकांचा विश्वास बसेना. गाडी लांबचा पल्ला गाठू शकते, हे कोणीतरी दाखवून देणे आवश्यक होते. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये बर्था यांनी पतीला न सांगता गाडी बाहेर काढली आणि ऑयगेन व रिचर्ड या दोन मुलांना घेऊन त्या मानहाइमहून आपल्या माहेरी, फोर्ट्‌सहाइमला निघाल्या.

वाटेत संकटे येतच राहिली. इंधन संपत आले, तेव्हा वीसलोख येथील औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रॉइन विकत घेतले. कपड्यांवरील डाग काढण्यासाठी वापरले जाणारे हे द्रावणच गाडीचे इंधन होते. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा टोपीला लावायच्या लांब टाचणीने त्यांनी ती मोकळी केली.

याहून नाजूक बिघाड ठिणगीचा होता. इंजिनात इंधनाची वाफ आणि हवा यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेट घेते. ही ठिणगी बॅटरी, कॉइल, तारा आणि स्पार्क प्लग यांच्या साहाय्याने पडते. तारेवरील आवरण झिजून ती गाडीच्या धातूला टेकली, तर वीज तेथूनच निसटते. मग प्लगमध्ये ठिणगी पडत नाही आणि इंजिन बंद पडते. बर्था यांनी मोजे घट्ट राहण्यासाठी पायाला बांधलेला पट्टा काढून त्या तारेभोवती गुंडाळला, असे सांगितले जाते. इंजिन पुन्हा सुरू झाले. जुन्या मोटारी दुरुस्त करणारे कारागीर आजही प्रथम याच दोन गोष्टी तपासतात : इंधन पोहोचते का आणि ठिणगी पडते का.

चढावर मुलांनी गाडी ढकलली. उतारावर ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. संध्याकाळी माहेरी पोहोचताच बर्था यांनी पतीला तार केली. काही दिवसांनी त्या त्याच गाडीने परतल्या. चढासाठी गाडीला आणखी एक गियर हवा, हे या प्रवासात ध्यानात आले आणि कार्ल यांनी तशी सुधारणा केली. या प्रवासाची सर्वत्र चर्चा झाली आणि मोटारीविषयीचा अविश्वास ओसरू लागला.

पेटंटवर नाव कार्ल यांचेच होते. मात्र कठीण काळात बर्था यांनी दिलेल्या साथीचा त्यांनी कृतज्ञतेने उल्लेख केला. ५ मे १९४४ रोजी लाडेनबुर्ग येथे वयाच्या ९५ व्या वर्षी बर्था यांचे निधन झाले. २००८ साली त्यांच्या प्रवासाच्या मार्गाला त्यांचे नाव देण्यात आले. यंत्र कारखान्यात तयार होते. पण त्याची खरी परीक्षा रस्त्यावर होते. त्या परीक्षेत मोटार उत्तीर्ण झाली, ती बर्था यांच्या धैर्यामुळे आणि यंत्राच्या अचूक जाणकारीमुळे.