श्रोत्यांना दुभंगणारा संगीतकार : अलेक्झांडर स्क्रियाबिन

छत्तीसगढमधील भिलाई शहरात, कोहकासारख्या वस्त्यांत, रशियाचे नाव निघाले की पोलाद कारखान्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. तत्कालीन सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारानुसार हा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रशियन तंत्रज्ञ भिलाईत येण्याच्या सुमारे चार दशके आधी एक रशियन संगीतकारही भारतात येण्याची तयारी करीत होता. हिमालयाच्या पायथ्याशी एक भव्य संगीतमय अनुष्ठान घडवून आणण्याचा त्याचा संकल्प होता. तो संकल्प पूर्ण झाला नाही. मात्र, पियानोसाठी त्याने लिहिलेल्या छोट्या छोट्या रचनांनी श्रोत्यांमध्ये जो वाद निर्माण केला, तो त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ चालू राहिला. या संगीतकाराचे नाव अलेक्झांडर स्क्रियाबिन.

स्क्रियाबिन यांचा जन्म ६ जानेवारी १८७२ रोजी मॉस्को येथे झाला. त्यांची आई ल्युबोव्ह ही नावाजलेली पियानोवादक होती. परंतु मुलगा जेमतेम सव्वा वर्षाचा असतानाच तिचे क्षयाने निधन झाले. वडील परराष्ट्र सेवेत रुजू होऊन तुर्कस्तानला गेले. त्यामुळे आजी आणि आत्या यांनीच त्यांचा सांभाळ केला. आत्येने त्यांना पियानोचे पहिले धडे दिले. घराण्याच्या परंपरेनुसार त्यांना सैनिकी शाळेत घालण्यात आले, तरी संगीताचे शिक्षण थांबले नाही. निकोलाय झ्वेरेव्ह या कडक शिस्तीच्या शिक्षकाकडे ते शिकू लागले. तेथेच त्यांची गाठ सेर्गेई रॅखमानिनॉफ या सहाध्यायाशी पडली. पुढे दोघांनीही मॉस्को संगीत विद्यालयात प्रवेश घेतला.

विद्यार्थिदशेतच स्क्रियाबिन यांच्यावर एक संकट कोसळले. शक्तीचा कस पाहणाऱ्या अवघड रचनांचा अतिरेकी सराव केल्याने १८९१ च्या सुमारास त्यांच्या उजव्या हाताला गंभीर इजा झाली. हात पूर्ववत होणार नाही, असे वैद्यांचे मत पडले. पियानोवादकाच्या दृष्टीने ही जवळजवळ मृत्युदंडाचीच शिक्षा होती. स्क्रियाबिन यांनी त्या काळात डाव्या हाताची तयारी वाढवली आणि पुढे केवळ डाव्या हातासाठी दोन रचनाही लिहिल्या. हात हळूहळू सुधारला. १८९२ साली ते पियानोवादनाचे सुवर्णपदक मिळवून उत्तीर्ण झाले. रचनाशास्त्राचे शिक्षक आरेन्स्की यांच्याशी मात्र त्यांचे पटले नाही आणि त्या विषयाची पदवी त्यांना मिळू शकली नाही. ज्याला रचनाकार म्हणून विद्यालयाने प्रमाणपत्र दिले नाही, तोच पुढे त्या पिढीतील सर्वांत धाडसी रचनाकार ठरला.

त्यांच्या कीर्तीचा पाया ज्या रचनांनी घातला, त्यांत एट्यूड या प्रकाराला महत्त्वाचे स्थान आहे. एट्यूड म्हणजे अभ्यासासाठी केलेली रचना. आपल्याकडे गायक-वादक पलटे आणि अलंकार घोटून गळा वा हात तयार करतात, त्याच जातीचा हा प्रकार. प्रत्येक एट्यूडमध्ये वादनातील एखादी ठरावीक अडचण घेऊन तिच्यावर प्रभुत्व मिळवायचे असते. पोलंडचे संगीतकार शोपाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कोरड्या सरावाला मैफिलीत ऐकण्याजोगे काव्यरूप दिले. स्क्रियाबिन यांनी तोच धागा पकडला. त्यांनी एकूण २६ एट्यूड लिहिले. त्यांतील पहिला, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास लिहिलेला, आजही मैफिलींतून आवडीने ऐकला जातो.

१८९४ साली बेल्यायेव्ह या धनाढ्य लाकूड व्यापाऱ्याने आणि संगीतप्रकाशकाने या तरुणाला आश्रय दिला. बारा एट्यूडचा संग्रह त्याच्याकडूनच प्रकाशित झाला. संग्रहातील शेवटच्या एट्यूडने श्रोत्यांना विशेष भारावून टाकले. अडीच-तीन मिनिटांची ही रचना. डावा हात सतत दूरदूरच्या स्वरांवर झेप घेतो आणि वर उजव्या हातात व्याकूळ, पण बंडखोर अशी स्वरावली उसळत राहते. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग येथील रसिकांना स्क्रियाबिन यांच्यात रशियाचा शोपाँ दिसू लागला. बेल्यायेव्हने त्यांना युरोपच्या दौऱ्यावर नेले आणि १८९६ च्या प्रारंभी पॅरिसमध्येही त्यांचे वादन झाले.

समकालीनांनी त्यांच्या वादनाचे जे वर्णन करून ठेवले आहे, त्यावरून श्रोत्यांच्या मतभेदाचे एक कारण लक्षात येते. त्यांचा नाद नाजूक होता. पियानोच्या पेडलचा वापर ते इतक्या सूक्ष्मपणे करीत, की त्यांचे गुरू सफोनॉव्ह इतर विद्यार्थ्यांना त्यांच्या हातांऐवजी पायांकडे पाहण्यास सांगत. छोट्या दिवाणखान्यात बसलेला श्रोता या वादनाने मंत्रमुग्ध होई. मोठ्या सभागृहात मागे बसलेल्याला मात्र फारसे काही ऐकू येत नसे. एकच रचना ते दर वेळी निराळ्या लयीत वाजवीत. बाराव्या एट्यूडचे त्यांनी स्वतः केलेले वादन १९१० साली यांत्रिक पियानोच्या छिद्रित कागदी पट्टीवर नोंदवले गेले. त्यातही लयीची ही अस्थिरता जाणवते.

१८९७ साली व्हेरा इसाकोविच या पियानोवादक तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षी ते मॉस्को संगीत विद्यालयात प्राध्यापक झाले. परंतु अध्यापनात त्यांचे मन रमेना. १९०३ साली त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी त्यांनी आठ एट्यूडचा दुसरा संग्रह लिहिला. त्यात जुनी माधुरी होती, पण स्वरांची वीण अधिक गुंतागुंतीची झाली होती. दोन्ही हात वेगवेगळ्या मात्रागणनेत चालत असल्याने ऐकणाऱ्याला पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटे. १९०४ साली ते स्वित्झर्लंडला गेले आणि लवकरच पत्नीला सोडून तात्याना श्लोझर यांच्याबरोबर राहू लागले. त्याचे परिणाम त्यांना भोगावे लागले. अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना, हे जोडपे विवाहित नसल्याची चर्चा सुरू झाल्यामुळे मार्च १९०७ मध्ये त्यांना घाईघाईने न्यूयॉर्क सोडावे लागले.

याच काळात त्यांचा ओढा थिऑसॉफीकडे वळला. मॅडम ब्लॅव्हॅट्स्की यांचे ग्रंथ त्यांनी फ्रेंच भाषांतरातून वाचले. ब्लॅव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांनी न्यूयॉर्कमध्ये स्थापन केलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे ठाणे १८७९ साली मुंबईत आले होते आणि काही वर्षांनी ते मद्रासजवळील अड्यार येथे हलले. या वाचनातून स्क्रियाबिन यांच्या मनात भारताविषयी ओढ निर्माण झाली. त्यांनी 'मिस्टेरियम' नावाच्या महाकृतीची कल्पना केली. हिमालयाच्या पायथ्याशी सात दिवस चालणाऱ्या या अनुष्ठानात संगीत, नृत्य, प्रकाश आणि सुगंध एकत्र येणार होते आणि त्याच्या शेवटी मानवजात एका नव्या अवस्थेत प्रवेश करणार होती. या कल्पनेतील एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. या सोहळ्यात श्रोता असा कोणी असणारच नव्हता. उपस्थित प्रत्येक जण सहभागी असणार होता. आयुष्यभर श्रोत्यांच्या टाळ्या आणि शिट्ट्या दोन्ही अनुभवलेल्या संगीतकाराने श्रोता आणि कलावंत यांच्यातील भिंतच पाडण्याचे ठरवले होते.

प्रत्यक्षात ती भिंत उंच होत चालली होती. १९१२ साली त्यांनी शेवटचे तीन एट्यूड लिहिले. पहिल्यात उजवा हात सतत नवव्या स्वरांच्या जोड्या वाजवतो, म्हणजे मध्य सप्तकातील षड्ज आणि तार सप्तकातील ऋषभ एकाच वेळी. दुसऱ्यात सातव्या स्वरांच्या, म्हणजे षड्ज आणि शुद्ध निषाद यांच्यासारख्या जोड्या येतात. तिसऱ्यात पंचमांच्या जोड्या आहेत. पहिल्या दोन जोड्या पाश्चात्त्य कानाला कर्कश वाटत आणि लागोपाठ पंचम योजणे तर शाळकरी चूक समजली जाई. आपण किती निषिद्ध गोष्टी एकत्र केल्या आहेत, याची स्क्रियाबिन यांना पूर्ण कल्पना होती. आता लोक काय म्हणतील, अशी थट्टा त्यांनी एका पत्रात केली आहे. पहिला एट्यूड तर त्यांच्या स्वतःच्या लहान हातांना पेलणारा नव्हता.

येथे भारतीय कानाची आठवण होते. तंबोऱ्यावर षड्ज-पंचम अखंड ऐकत वाढलेल्या श्रोत्याला पंचमांची साखळी निषिद्ध वाटण्याचे कारण नाही. एखादी स्वरजोडी सुखद की असह्य, हे कानाच्या सवयीवरही अवलंबून असते. स्क्रियाबिन यांच्या श्रोत्यांपुढील प्रश्न नेमका हाच होता. बेल्यायेव्हच्या काळात त्यांना डोक्यावर घेणाऱ्या अनेक रसिकांना ही नवी स्वरसृष्टी भ्रमिष्टाची वाटू लागली. उलट तरुण पिढीतील काहींनी त्यांना द्रष्ट्याचे स्थान दिले. पुढे नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरलेले लेखक बोरिस पास्तरनाक हे अशा भक्तांपैकी एक होते. त्यांच्या प्रभावाखाली पास्तरनाक यांनी काही वर्षे संगीतरचनेचे शिक्षण घेतले होते. लंडनमध्ये १९१३ साली संचालक हेन्री वुड यांनी स्क्रियाबिन यांची 'प्रोमिथियस' ही वाद्यवृंदरचना एकाच कार्यक्रमात दोनदा सादर केली. एकदा ऐकून श्रोत्यांना तिचे आकलन होणार नाही, असा त्यामागील विचार होता.

१९१४ साली स्क्रियाबिन स्वतः लंडनला गेले. तेथे त्यांनी थिऑसॉफीच्या अनुयायांची भेट घेतली आणि भारतप्रवासासाठी उन्हाची टोपीही विकत घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध भडकले आणि भारताची वाट बंद झाली. एप्रिल १९१५ मध्ये पेट्रोग्राड येथे त्यांचे अखेरचे वादन झाले. मॉस्कोला परतल्यावर वरच्या ओठावरील गळवातून रक्तात विषबाधा पसरली. प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वीचा तो काळ होता. २७ एप्रिल १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'मिस्टेरियम'च्या पूर्वरंगाची काही टिपणे तेवढी मागे राहिली. अंत्ययात्रेत सहभागी झालेले त्यांचे गुरू तानेयेव्ह यांना थंडी बाधली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचेही निधन झाले.

स्क्रियाबिन यांचे कुटुंब अडचणीत सापडले. तेव्हा बालपणीचा सहाध्यायी पुढे आला. तोवर प्रामुख्याने स्वतःच्याच रचना वाजवणाऱ्या रॅखमानिनॉफ यांनी १९१५ च्या शरद ऋतूत केवळ स्क्रियाबिन यांच्या रचनांच्या मैफिली केल्या आणि उत्पन्न कुटुंबाला दिले. हेतू इतका उदात्त असूनही स्क्रियाबिनभक्त संतापले. ज्या स्वरांना त्यांनी हवेत तरंगताना ऐकले होते, ते रॅखमानिनॉफ यांच्या भक्कम हातांखाली जमिनीवर घट्ट उभे असल्याचे त्यांना वाटले. एका मैफिलीनंतर आल्चेव्स्की या गायकाला आवरावे लागले, इतका तो चिडला होता. तरुण संगीतकार प्रोकोफिएव्ह यांनी भेटून वादनाची स्तुती केली. पण तिच्यातील सांत्वनाचा सूर रॅखमानिनॉफ यांना झोंबला आणि दोघांत बराच काळ दुरावा राहिला. रचनाकाराच्या हयातीत श्रोते त्याच्या संगीतावरून भांडत होते. मृत्यूनंतर ते संगीत खरे कोणाचे, यावरून भांडू लागले.

रशियन राज्यक्रांतीनंतर त्यांच्या मॉस्कोतील अखेरच्या निवासस्थानाचे १९२२ साली संग्रहालयात रूपांतर झाले. मात्र त्यांच्या गूढवादावर टीका होऊ लागली. तरुण शोस्ताकोविच यांनी १९३१ साली त्यांच्या संगीताला उघडपणे विरोध केला. तरीही ते ऐकणारे उरलेच. स्क्रियाबिन यांचे जावई, पियानोवादक व्लादिमीर सोफ्रोनित्स्की, त्याच संग्रहालयात मोजक्या श्रोत्यांपुढे त्यांच्या रचना वाजवीत. सासऱ्यांच्या वादनाला छोटी खोली मानवत असे, तशीच जावयाच्या वादनालाही मानवली.

२० एप्रिल १९८६ रोजी व्लादिमीर होरोवित्झ यांनी ६१ वर्षांनंतर मायदेशी परतून मॉस्को संगीत विद्यालयाच्या भव्य सभागृहात वादन केले. लहानपणी त्यांनी स्वतः स्क्रियाबिन यांच्यासमोर पियानो वाजवला होता. तिकिटे न मिळालेले विद्यार्थी पोलिसांचे कडे तोडून आत घुसले होते. होरोवित्झ यांनी स्क्रियाबिन यांचे दोन एट्यूड निवडले होते : किशोरवयात लिहिलेला तो पहिला आणि बारांच्या संग्रहातील तो अखेरचा. त्या मैफिलीत अनेक श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

श्रोता नावाची गोष्टच उरू नये, असे स्वप्न पाहणाऱ्या या संगीतकाराला अखेर श्रोत्यांनीच जिवंत ठेवले. हिमालयाच्या पायथ्याशी योजलेले अनुष्ठान झाले नाही. दोन-तीन मिनिटांचे एट्यूड मात्र जगभरच्या मैफिलींतून वाजत राहिले आणि त्यांच्यावरील मतभेदही कायम राहिले.