जुलेखा बेगम यांचे मौलाना

अहमदनगरचा भुईकोट किल्ला म्हटला की आपल्याला प्रथम चांदबीबी आठवते. मौलाना अबुल कलाम आझाद यांनाही तीच आठवली होती. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पहाटे अटक करून काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना रेल्वेने या किल्ल्यात आणण्यात आले. दुसऱ्याच दिवशी आपले स्नेही मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून मौलानांनी जे पत्र लिहिले, त्यात अहमद निजामशहापासूनचा नगरचा सारा इतिहास उतरला आहे. बाहेर पत्र पाठविण्याची मुभा नव्हती, तरी ते लिहीत राहिले. ही न पाठविलेली पत्रे पुढे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. मौलानांचे राजकारण आणि त्यांची विद्वत्ता यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु घरातले मौलाना पाहायचे असतील, तर या पत्रांकडेच वळावे लागते, आणि योगायोग असा की ते सर्वांत स्पष्ट दिसतात ते घरापासून दूर, नगरच्या कोठडीत.

त्यांचा जन्म १८८८ मध्ये मक्का शहरात झाला. वडील मौलाना खैरुद्दीन मोठे विद्वान व पीर होते. मक्केतील नहर-ए-जुबेदा नादुरुस्त होऊन लोकांचे पाण्यावाचून हाल होत होते, तेव्हा तिच्या दुरुस्तीसाठी त्यांनी मोठा निधी गोळा केला होता. पुढे हे कुटुंब कलकत्त्यास आले आणि मौलानांचे मातृछत्र बालवयातच हरपले. विवाहही लहान वयातच झाला. पत्नी जुलेखा बेगम या वडिलांच्या एका मुरीदाच्या कन्या. १९१२ मध्ये ‘अल-हिलाल’ निघाले, १९१६ मध्ये रांचीला स्थानबद्धता आली आणि मग तुरुंगवासाची मालिकाच सुरू झाली. झडत्यांमध्ये पोलिसांनी ‘तर्जुमानुल कुरआन’चे हस्तलिखित नेले, ते पुन्हा धड हाती आले नाही, आणि मौलानांनी ते काम नव्याने आरंभिले.

नगरच्या किल्ल्यात त्यांचा दिवस पहाटे तीन-चारच्या सुमारास सुरू होई. लवकर उठण्याची सवय वडिलांनी लावलेली. सारे निजलेले असताना ते स्वतः पाणी उकळून चमेलीच्या सुवासाचा चिनी चहा करीत. त्यात दूध घालणे म्हणजे चहाचा अपमान, असे त्यांचे ठाम मत होते. (आपल्याकडच्या दुधाच्या चहावर वाढलेल्या वाचकांनी त्यांना क्षमा करावी.) अंगणातील जमीन चुना-दगडांच्या ढिगाऱ्याने भरलेली होती, ती खणून या कैद्यांनी फुलांचे वाफे तयार केले. पंडित नेहरूंना तर खणताना जुन्या भिंतींचे अवशेषही सापडले.

आणि चिमण्या! छताच्या लाकडात त्यांची घरटी होती व खोलीभर काड्यांचा कचरा पडे. मौलानांनी आधी बांबू घेऊन युद्ध पुकारले, हार मानली आणि अखेर तांदळाचे दाणे पसरून तह केला. दाणे हळूहळू जवळ येत गेले. मग चिमण्या त्यांच्या तळहातावरून खाऊ लागल्या. एकीला मोती, एकाला कलंदर, एकाला मुल्ला अशी नावे पडली. चप्पल स्वतः शिवणारे आणि घरकामात हातभार लावणारे प्रेषित (स.) आपल्याला हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनातून ठाऊक आहेत. मौलाना ज्या संस्कारात वाढले, त्यात अशा कामाला कमीपणा नव्हता.

याच खोलीत १९४३ च्या मार्चमध्ये पत्नीच्या गंभीर आजाराची वार्ता आली. मौलाना १९४२ च्या ऑगस्टच्या आरंभी मुंबईला निघाले, तेव्हाच जुलेखा बेगम यांची प्रकृती ढासळलेली होती. त्या नेहमीप्रमाणे दारापर्यंत आल्या, खुदा हाफिज म्हणाल्या, अधिक काही बोलल्या नाहीत. त्यांचे हे मौन मौलानांनी घडविलेले होते. १९१६ मध्ये पहिल्या स्थानबद्धतेच्या वेळी त्यांना भावना आवरल्या नव्हत्या आणि मौलाना नाराज झाले होते. त्या नाराजीनंतर त्यांनी स्वतःला बदलले. १९२२ मध्ये मौलानांना एक वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा ही शिक्षा अपेक्षेपेक्षा कमीच आहे आणि पतीचे काम आपण पुढे चालवू, असे त्यांनी गांधीजींना कळविले. देशाने या खंबीरपणाचे कौतुक केले. मला मात्र वाटते की त्याची किंमत त्या बाईंनी एकटीने मोजली, आणि मौलानांना याची जाणीव पत्र लिहिताना झालेली दिसते.

सरकारला काही कळवायचे असल्यास लगेच पाठवितो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले. नेहरूही बोलले. मौलानांनी विनंती करण्यास नकार दिला. दिनक्रमात तसूभर बदल केला नाही. दुपारी वर्तमानपत्र येण्याची वेळ झाली की पावलांच्या आवाजाने छाती धडधडे, परंतु ते दाराकडे पाठ करून बसत, हसून अंक घेत आणि घाई नसल्यासारखे तो टेबलावर ठेवीत. हे सारे सोंग होते, अशी कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे. घास मात्र घशाखाली उतरत नसे. सब्र म्हणजे मन दगडाचे होणे नव्हे. पुत्र इब्राहीमच्या निधनाने प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतही अश्रू आले होते.

९ एप्रिल १९४३ रोजी दुपारी तार हाती आली. छत्तीस वर्षांचा संसार संपला होता. काही काळ कलकत्त्याला हलविले असते तर अखेरची भेट झाली असती, असे त्यांनी व्हाइसरॉयना लिहिले. उत्तर आले नाही.

किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. कोणाची, ते कोणास ठाऊक नव्हते. मौलाना महिनोन्महिने ती पाहत आले होते. आता तिच्याशी नवा जिव्हाळा जडल्यासारखे झाले. एका सायंकाळी ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि भाऊ मालिकच्या मृत्यूवर मुतम्मिम बिन नुवैरा यांनी रचलेला शोककाव्याचा अरबी ठेवा त्यांना आठवला. हजरत उमर (रजि.) यांनाही तो शोक ऐकून आपले शहीद बंधू जैद (रजि.) आठवले होते.

तीनच महिन्यांत भोपाळहून बहीण आबरू बेगम यांच्याही आजाराची आणि लगोलग निधनाची बातमी आली.

१९४५ मध्ये सुटका झाल्यावर हावडा स्थानकावर लोटलेली गर्दी त्यांना मिरवीत घरी नेऊ लागली. पुलावरून जाताना त्यांनी गाडी वळवायला सांगितली. घरी जाण्याआधी ते पत्नीच्या कबरीपाशी गेले. गाडी हारांनी भरलेली होती. त्यांतला एक त्यांनी उचलला, कबरीवर ठेवला आणि मूकपणे फातिहा पढली.