लुईस हाइन यांची साक्ष

अमेरिकेच्या १९०० सालच्या जनगणनेत दहा ते पंधरा वर्षे वयाची सुमारे साडेसतरा लाख मुले मजुरी करीत असल्याची नोंद झाली. आकडा सरकारी होता, छापील होता. परंतु कोष्टकातल्या मुलाला चेहरा नसतो. तो चेहरा देण्याचे काम न्यूयॉर्कमधील एका शिक्षकाने पत्करले.

लुईस हाइन यांचा जन्म १८७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे झाला. वडील वारल्यावर ऐन तारुण्यात त्यांना फर्निचरच्या कारखान्यात राबावे लागले. काम दिवसाचे तेरा तास, मजुरी आठवड्याला चार डॉलर. पुढे ते शिकले, शिक्षक झाले आणि शाळेच्या कामासाठी म्हणून कॅमेरा हाती आला. १९०८ मध्ये शाळेची नोकरी सोडून ते राष्ट्रीय बालश्रम समितीचे छायाचित्रकार बनले.

गिरणीमालक त्यांना आत येऊ देणे शक्यच नव्हते. म्हणून हाइन कधी बायबल विकणारे होत, कधी आगीपासूनच्या सुरक्षिततेची तपासणी करणारे अधिकारी. मुलाची उंची ते आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून जोखीत आणि खिशातल्या खिशात टिपून ठेवीत. उत्तर कॅरोलिनातील एका सूतगिरणीत त्यांनी टिपलेल्या मुलीची उंची होती ५१ इंच, मजुरी दिवसाला ४८ सेंट. कधी कधी रात्रपाळीही. वय विचारताच ती प्रथम अडखळली, मग आपण कामाच्या वयाची नसल्याचे तिने हळूच कबूल केले. हे सारे हाइन यांनी चित्राखाली लिहून ठेवले. त्यांच्या छायाचित्रांचे खरे बळ या नोंदींत आहे. केवळ करुण चित्र पाहून मालकवर्गाला ते बनावट ठरवता आले असते. ठिकाण, तारीख, वय व वेतन यांसह आलेले चित्र म्हणजे पुरावाच.

हा पुरावा समितीने पत्रकांतून आणि प्रदर्शनांतून देशभर नेला. १९१२ मध्ये संघराज्य सरकारने बालककल्याणासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले आणि १९१६ मध्ये बालमजुरीविरुद्ध कायदा केला. तथापि मुलांना काम करू द्यावे म्हणून न्यायालयात गेला तो एक गिरणी कामगारच, दोन मुलांचा बाप! १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द केला. मुलांच्या स्वस्त श्रमामुळे प्रौढांची मजुरी घसरते आणि घसरलेल्या मजुरीमुळेच बापाला मुलाची कमाई लागते. हे दुष्टचक्र कॅमेऱ्याने तुटणारे नव्हते. महामंदीत प्रौढच बेकार झाले, तेव्हा मुलांना कामावरून दूर ठेवण्यास आर्थिक कारणही मिळाले. १९३८ चा कायदा आला तो अशा काळात. त्यातूनही शेतीतील मुले बव्हंशी वगळली गेली. बीटाच्या आणि कापसाच्या शेतांत राबणारी मुले हाइन यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच टिपली होती.

त्यांना स्वतःला या काळात काम मिळेनासे झाले होते. एम्पायर स्टेट बिल्डिंग उभारणाऱ्या कामगारांची चित्रे काढणाऱ्या या माणसाला सरकारी छायाचित्रण विभागाने घेतले नाही, राहते घरही गेले. ३ नोव्हेंबर १९४० रोजी ते दारिद्र्यात निवर्तले. १९३८ च्या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते फेब्रुवारी १९४१ मध्ये. त्यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने नाकारला. अखेर रॉचेस्टर येथील ईस्टमन हाउसने तो ठेवून घेतला.