संमतीचे मोल जाणणाऱ्या डॉ. रखमाबाई

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वैद्याने रोग्याशी कसे वागावे, याचा विचार आपल्या देशात फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला दीक्षा देताना काही बंधने घालतो. रोग्याचे अहित मनातही आणू नये, त्याच्या घरातील गोष्ट बाहेर बोलू नये, पती किंवा पालक जवळ नसताना स्त्रीवर उपचार करू नयेत, अशी ती बंधने आहेत. शेवटचा नियम स्त्रीच्या रक्षणासाठीच केला असेल. परंतु त्यात विचारायचे ते पतीला किंवा पालकाला. जिच्या देहावर उपचार व्हायचे तिला काय वाटते, या प्रश्नाला तेथे जागा नाही. हा प्रश्न स्वतःच्या आयुष्याने विचारणारी आणि पुढे स्वतःच डॉक्टर झालेली एक स्त्री महाराष्ट्रात होऊन गेली. तिचे नाव डॉ. रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाई सतरा वर्षांच्या वयात विधवा झाल्या. त्यांची सुतार जात. या जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मनाई नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. अशा घरात रखमाबाईंना वाचनाची गोडी लागली.

तरीही रूढी चुकली नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावून देण्यात आले. कोवळ्या वयात मुलीला सासरी पाठवू नये, असे सावत्र वडिलांचे मत होते. ते डॉक्टर असल्यामुळे त्याचे परिणाम जाणत होते. रखमाबाई माहेरीच राहिल्या, वाचत राहिल्या. दादाजींचे शिक्षण मात्र सुटले. मुलगी मोठी झाली तेव्हा हे लग्न आपण केलेलेच नाही, ते आपल्यावर लादले गेले, हे तिला कळून चुकले होते.

१८८४ साली दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अजाण वयात लग्न झालेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नांदायला भाग पाडणे त्यांना माणुसकीला धरून वाटले नाही. या निकालाने देशभर वादळ उठले. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले, तर लोकमान्य टिळकांसारख्या पुढाऱ्यांनी कडाडून विरोध केला. अपिलात निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात नांदायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा हुकूम दिला. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली, पण मन वळविले नाही. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि दादाजींनी हक्क सोडला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचे संमतिवय दहावरून बारा करण्यात आले. त्या चर्चेमागे इतर कारणांबरोबर हा खटलाही होता.

एखादी स्त्री एवढ्या मानहानीनंतर घरात दडून बसली असती. रखमाबाईंनी डॉक्टर व्हायचे ठरविले. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर आणि मदत दिली. पीचीबाईंनाही वैद्यकीय शिक्षणासाठी एडिंबरा येथे मोठा लढा द्यावा लागला होता. १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि १८९४ साली डॉक्टर होऊन परतल्या. आनंदीबाई जोशी यांना पदवी मिळाली, पण आयुष्याने साथ दिली नाही. रखमाबाईंना मात्र सुमारे पस्तीस वर्षे सेवा करता आली.

काही काळ कामा रुग्णालयात काम करून १८९५ च्या सुमारास त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या. तेथे बायका बाळंतपणासाठी रुग्णालयात पाऊल ठेवायला घाबरत. त्यावर रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून तिची सोडवणूक केली आणि येथे जिवाला धोका नाही हे बायकांना डोळ्यांनी पाहू दिले, अशी आठवण सांगितली जाते. ही युक्ती ऐकून हसू येते, परंतु तिच्यात मोठा अर्थ आहे. डॉक्टरच्या हाती अधिकार होता, अडाणी म्हणून झिडकारण्याचा मार्ग होता. त्यांनी समजावण्याचा मार्ग घेतला.

हा फरक किती मोठा आहे हे त्याच काळात पुण्यात दिसले. १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे सोजीर घराघरांत घुसून झडत्या घेत, रोग्यांना ओढून नेत. उद्देश साथ आवरण्याचा होता. पण लोकांना रोगापेक्षा उपचारांचीच दहशत बसली आणि प्रकरण रँडच्या खुनापर्यंत गेले. सुरतेतही प्लेग आला. तेथे रखमाबाईंनी केलेल्या सेवेबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. विश्वासावाचून औषध लागू पडत नाही, हा धडा त्या काळाने दिला.

पुढे राजकोट संस्थानच्या स्त्री-रुग्णालयात त्यांनी काम केले आणि १९३० च्या सुमारास निवृत्त होऊन त्या मुंबईला आल्या. पडदा पद्धतीविरुद्धही त्यांनी लिहिले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९०४ साली दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी वस्त्रे स्वीकारली. ज्या नात्याला त्यांनी न्यायालयात नाकारले, त्याचे सुतक त्यांनी का पाळले, हे कोडे आहे. माझ्या मते यातही त्यांचा स्वभाव दिसतो. नांदायला नकार हा त्यांचा निर्णय होता आणि पांढरे लुगडे हाही त्यांचाच. २५ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षात त्यांचे निधन झाले.

हे चरित्र आपल्या जिल्ह्यात वाचताना मन अस्वस्थ होते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. एक दिवस खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. पाळी असो, दुखणे असो. अशा बायकांची पिशवी काढून टाकण्याचे प्रमाण फार आहे, अशी ओरड झाल्यावर २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कर्करोग होईल अशी भीती घातली गेल्याचे कित्येकींनी सांगितले. कागदावर अंगठा बहुतेकींचा असेलच. परंतु भीतीपोटी, उचल फिटावी म्हणून, अर्धवट समजून दिलेला अंगठा म्हणजे संमती काय? अकराव्या वर्षी बोहल्यावर उभ्या केलेल्या मुलीचे लग्न म्हणजे संमती काय, हा रखमाबाईंचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे.

कायदा आता पुढे आला आहे. एका स्त्रीला भूल दिलेली असताना तिच्या आईला विचारून गर्भाशय काढले, तर ती संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले. एम. बी. बी. एस. च्या अभ्यासक्रमात २०१९ पासून नीतिमूल्ये आणि रुग्णाशी संवाद हे विषय आले आहेत. आपल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातही ते शिकवायचे आहेत. तेथील वर्गात रखमाबाईंचे चरित्र जरूर सांगावे. आणि आपण कला शाखेचे विद्यार्थी काय करू शकतो? आपल्यापैकी अनेकांच्या घरात कागद वाचता येणारे आपणच पहिले आहोत. आई, मावशी, चुलती दवाखान्यात सही करायला निघेल, तेव्हा तो कागद तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावा, तिच्या शंका डॉक्टरांना विचाराव्यात आणि तिचे उत्तर येईपर्यंत थांबावे. रखमाबाईंचे ऋण फेडण्याचा एवढा मार्ग तरी आपल्या हाती आहे.