मातीतला मल्ल, मॅटवरचे पदक

आइस हॉकीत दुबळ्या देशांच्या संघांसाठी खालच्या श्रेणीच्या जागतिक स्पर्धा वेगळ्या भरतात. ऑलिम्पिकच्या कुस्तीत अशी सवलत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले ते थेट जगातल्या अव्वल मल्लांपुढे. १९२६ चा जन्म, वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. तांबड्या मातीत घडलेल्या खाशाबांना मॅट नवी. तरी ते सहावे आले.

हेलसिंकीच्या वेळी पैशांची अडचण उभी राहिली. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. जुलै १९५२ मध्ये खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! गावी बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्या लढून गुरुजींचे घर सोडवले. पुढे पोलीस खात्यात नोकरी, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ साली राष्ट्रकुल रौप्य जिंकले, तेव्हा बीडकरांची छाती फुगली. असा पुढचा गुणी पोर निघेल, तेव्हा कुणा गुरुजींवर घर गहाण टाकायची पाळी येऊ नये, एवढे तरी आपण पाहायला हवे.