विश्लेषण : झांबेझीवरचा डोंगा ते नाशिकचे शरणपूर... लिव्हिंग्स्टन यांचा शेवटचा प्रवास कोणी पूर्ण केला?

नाशिकमधील शरणपूरच्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट हा आफ्रिकी तरुण १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत होता. प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शवपेटीसोबत चालण्याचा मान त्याला मिळाला होता. आफ्रिकेतील नद्या डोंग्यातून पालथ्या घालणाऱ्या लिव्हिंग्स्टन यांचा नाशिकशी संबंध कसा आला?

कोण होते लिव्हिंग्स्टन?

जन्म १९ मार्च १८१३, स्कॉटलंडमधील ब्लँटायर. घरची गरिबी असल्याने दहाव्या वर्षी ते सूतगिरणीत कामाला लागले. १४ तास काम करून रात्री शिकले, डॉक्टर झाले आणि १८४१ मध्ये मिशनरी म्हणून दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. आत शिरल्यावर त्यांना गुलामांचा व्यापार दिसला. नदीमार्गे दुसरा व्यापार सुरू झाला तर हा व्यापार थांबेल, असे त्यांना वाटू लागले.

डोंग्यातूनच प्रवास का?

कर्जतमध्ये दहिवलीजवळून वाहणारी उल्हास नदी सुमारे १२० किलोमीटर लांब आहे. झांबेझी तिच्या वीसपटीहून मोठी, म्हणजे २,५०० किलोमीटरहून अधिक. तिथे ना रस्ते होते, ना गाड्या. त्सेत्से माशीमुळे बैलही मरत. मग उरतो डोंगा, म्हणजे एकाच झाडाचे खोड कोरून केलेली होडी. आपल्याकडे गडचिरोलीतील भामरागड भागात असे डोंगे दिसतात.

१८५३ मध्ये माकोलोलो लोकांचा तरुण राजा सेकेलेटू याच्यासोबत लिव्हिंग्स्टन झांबेझीतून वर गेले. ताफ्यात ३३ डोंगे आणि सुमारे १६० माणसे होती. लिव्हिंग्स्टन यांचा डोंगा सुमारे दहा मीटर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद होता. सहा जण उभे राहून तो वल्हवत. एकाचा तोल गेला तरी डोंगा उलटण्याची भीती. गोन्ये धबधब्यापाशी माणसे डोंगे उचलून काठाने पुढे नेत.

सेकेलेटूने दिलेल्या माणसांच्या बळावरच लिव्हिंग्स्टन यांनी १८५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील लुआंडा आणि १८५६ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील क्विलिमाने गाठले. वाटेत नोव्हेंबर १८५५ मध्ये जाणकार नावाड्यांनी त्यांना डोंग्यातून धबधब्याच्या अगदी कड्यावरील बेटावर नेले. स्थानिक लोक त्याला मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गरजणारा धूर म्हणत. लिव्हिंग्स्टन यांनी नाव दिले व्हिक्टोरिया.

चूक कुठे झाली?

पूर्वेकडे जाताना त्यांनी नदीचे एक वळण टाळून जवळची वाट धरली. त्याच वळणावर केब्राबासाचे खळाळ होते. ते न पाहताच झांबेझीतून जहाजे जातील, असे त्यांनी ब्रिटनमध्ये सांगितले. १८५८ मध्ये सरकारी मोहीम वाफेची बोट घेऊन आली आणि तिथेच अडली. बोट इतकी संथ होती की साधे डोंगेही तिला मागे टाकत. १८६२ मध्ये पत्नी मेरी यांचा तापाने मृत्यू झाला. पुढच्या वर्षी सरकारने मोहीम परत बोलावली.

नाशिकचा संबंध काय?

१८६४ मध्ये लिव्हिंग्स्टन आपली छोटी बोट ‘लेडी न्यासा’ स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईत आले. पुढच्या वर्षी ती २,३०० पौंडांना विकली. पैसे ठेवले ती बँक बुडाली. शरणपूरच्या मिशन शाळेत गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत होती. त्यातील नऊ जण १८६६ मध्ये नाईलचा उगम शोधण्याच्या मोहिमेत सामील झाले. वेनराइट आणि आणखी काही जण १८७२ मध्ये आले.

शेवटी काय घडले?

एप्रिल १८७३. बांगवेउलू सरोवराच्या दलदलीत लिव्हिंग्स्टन यांना चालणेही अशक्य झाले. सहकारी त्यांना खाटेवर वाहून नेत. एक नदी ओलांडताना खाट अरुंद डोंग्यात मावेना, तेव्हा त्यांना हातांवर उचलून आत ठेवावे लागले. मेच्या सुरुवातीला चितांबोच्या गावात त्यांचा मृत्यू झाला.

सहकारी तिथूनच घरी जाऊ शकले असते. पण चुमा आणि सुसी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी हृदय झाडाखाली पुरले, मृतदेह मीठ लावून उन्हात वाळवला आणि दीड हजारांहून अधिक किलोमीटर वाहत फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयो बंदरात आणला. वेनराइटने दफनाच्या वेळी प्रार्थना वाचली, झाडावर नाव कोरले आणि सामानाची यादी केली. डायऱ्याही सुखरूप पोहोचल्या.

महत्त्व काय?

नाईलचा उगम लिव्हिंग्स्टन यांना सापडला नाही. मात्र गुलामांच्या व्यापाराबद्दल त्यांनी लिहिलेले जगापर्यंत पोहोचले. त्यांच्या नकाशांचा उपयोग पुढे वसाहती उभारणाऱ्यांनाही झाला. अखेरच्या वर्षांची हकिकत मात्र आज वाचता येते ती डायऱ्या जपणाऱ्या सहकाऱ्यांमुळे. नाशिकमध्ये शिकलेली मुलेही त्यांच्यात होती.